पावती फाडा की, मालक!

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच सोलापुरात वर्गणीचा हंगाम सुरू होतो. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, आषाढीच्या आधी शहरातून जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीसाठी अन्नदान, मग गणपती, नवरात्र आणि कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेल्यांसाठी रस्त्याकडेला चहा-फराळ. रमजानमध्ये मदरशांचे सफीर, म्हणजे देणगी गोळा करणारे प्रतिनिधी, येतात. यांच्या अधेमधे अनाथाश्रमाचं पावतीपुस्तक, गोशाळेचा डबा, 'पोराचं ऑपरेशन हाय' असं लॅमिनेट केलेलं पत्र, पाण्याचा फिल्टर विकणारा टाय लावलेला मुलगा आणि भांडी चकाचक करून देणारी पावडर. घर जुळे सोलापुरात असो, विडी घरकुलात असो की बाळीवेशीत, दार वाजतंच.

घोळ होतो तो या सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे. काही घरं प्रत्येकाच्या हातावर वीस-पन्नास टेकवून मोकळी होतात, काही प्रत्येकाला चोर समजून दार आपटतात. दारात येणारी माणसं मात्र ढोबळमानाने तीन तऱ्हेची असतात: वर्गणी किंवा देणगी मागणारी, भिक्षा मागणारी आणि काहीतरी विकणारी. तिघांना लागू होणारा कायदा वेगळा, तपासायच्या खुणा वेगळ्या आणि आपलं होऊ शकणारं नुकसानही वेगळं. एक गोष्ट मात्र तिघांनाही लागू पडते. पैसे द्यायचे की नाही हे उंबऱ्यात उभं राहून ठरवायचं नसतं. तिथे ठरवलं की ठरवणारा समोरचा असतो.

मंडळाची वर्गणी

महाराष्ट्रात धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर त्याला 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' लागू होतो. नोंदणी केलेला न्यास, म्हणजे ट्रस्ट, आपल्या उद्दिष्टांसाठी देणगी घेऊ शकतो. ज्यांची अशी नोंदणी नाही, आणि गल्लीतली बहुतेक उत्सव मंडळं त्यातच मोडतात, त्यांनी वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. ही कलम ४१क खालची परवानगी. अर्ज ऑनलाइन करता येतो. परवानगी तात्पुरती असते आणि उत्सव आटोपल्यावर जमा-खर्चाचा हिशेब कार्यालयात सादर करावा लागतो. म्हणजे 'आमचं मंडळ चाळीस वर्षं जुनं हाय, आम्हाला परवानगी कशाला' हे म्हणणं कायद्यात बसत नाही. मंडळ चाळीस वर्षांचं असलं तरी परवानगी यंदाची लागते.

पावतीवर काय पाहायचं? मंडळाचं पूर्ण नाव आणि पत्ता, छापील अनुक्रमांक, नोंदणी किंवा परवानगीचा क्रमांक, तारीख, आकडा अंकात आणि अक्षरात, आणि घेणाऱ्याची सही. अनुक्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, कारण हिशेब त्यावरच जुळतो. कोऱ्या पुस्तकावर रबरी शिक्का मारून आणलेली पावती म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने रद्दी. 'शासनमान्य' या शब्दाला तर काहीच अर्थ नाही. तो छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता व्यवहाराची बाजू. वर्गणी मागायला येणारी पोरं बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतली असतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी काढणारीही तीच. त्यांच्याशी कायद्याचं कलम काढून बोलणं मला हास्यास्पद वाटतं. पण आकड्यावरून ताण पडतो हेही खरं. 'मागच्या साली पाचशे दिल्ता की मालक, यंदा हजाराची फाडू' या वाक्याला तोंडी उत्तर नसतं, कारण मागच्या साली आपण किती दिले हे आपल्यालाच आठवत नसतं. म्हणून सगळ्या जुन्या पावत्या एका चिमट्यात अडकवून दाराजवळच ठेवाव्यात. मागच्या वर्षीची पावती पुढे केली की चर्चा निम्मी होते. वर्षाच्या सुरुवातीलाच घरात बसून ठरवावं की गल्लीच्या मंडळाला इतके, शेजारच्या मंडळाला इतके आणि बाहेरच्या मंडळांना हात जोडून नाही. मिरवणूक आपल्या दारावरून जाते म्हणून चार चौक पलीकडच्या मंडळालाही देणं लागतं, असा कुठे नियम नाही.

वर्गणीदारांची यादी आणि खर्च फलकावर लावणारी, अहवाल छापून घरोघर देणारी मंडळं आहेत. त्यांना हात सैल सोडून द्यावं. जे मंडळ 'हिशेब कसला मागता काका' म्हणून हसतं, त्याला पुढच्या वर्षी निम्मं द्यावं आणि निम्मं का दिलं तेही तोंडावर सांगावं. पोलिसांपेक्षा याचा परिणाम लवकर होतो, कारण अध्यक्षाला पुढच्या वर्षीचं मांडव-लायटिंगचं गणित डोळ्यापुढे दिसत असतं.

धमकी आली की मात्र प्रकरण वर्गणीचं राहत नाही. 'दिली नाही तर दुकानापुढे गाडी लागू देणार नाही', 'बघून घेतो', अशा शब्दांत भीती घालून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे खंडणी आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापारी पेठांत हा त्रास घरांपेक्षा जास्त होतो. दुकानदार एकेकटा गप्प बसतो म्हणून तो चालतो. रांगेतल्या सगळ्या दुकानदारांनी मिळून एकच आकडा ठरवून टाकला, तर एकट्याला गाठून दाबता येत नाही.

अनोळखी संस्था

इथे सावध राहायला हवं, कारण समोरचा पुन्हा कधी दिसणार नसतो. कागद भरपूर असतात: लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, मुलांचे फोटो, कुणा पुढाऱ्याबरोबरचा फोटो. यातला नोंदणी क्रमांक फक्त पाहावा. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेचा न्यास क्रमांक साधारण 'एफ' अक्षराने सुरू होतो, इतर धर्मादाय न्यासांचा 'ई'ने, आणि पुढे जिल्ह्याचं नाव असतं. तो लिहून घ्या, पावतीपुस्तकाचा फोटो काढा आणि 'संस्थेच्या खात्यावर पाठवतो' म्हणा. खऱ्या संस्थेच्या माणसाला याचा राग येत नाही. तो खाते क्रमांक देतो. 'साहेब, रोखच द्या, पन्नास रुपयांनी काय होतंय' असं म्हणणारा संस्थेचा असला तरी ते पन्नास संस्थेपर्यंत जातीलच याची खात्री नाही.

नोंदणी आहे म्हणजे काम चोख आहे, असंही नाही. नोंदणीने एवढंच होतं की न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, म्हणजे विचारायला कुणीतरी असतं. वक्फ संस्थांवर देखरेख वक्फ मंडळाची असते, त्यामुळे तिथे न्यासाचा क्रमांक नसेल तर लगेच बोगस ठरवू नये. मदरशाच्या सफीरांच्या बाबतीत समाजाने स्वतःच एक व्यवस्था केलेली आहे. त्यांच्याकडे जाणत्या उलेमांचा किंवा संस्थेचा तस्दीकनामा, म्हणजे खात्रीचं पत्र, असतो आणि मशिदीतली जबाबदार माणसं तो पाहूनच पुढे पाठवतात. ओळखीच्या माणसाने खात्री करून पुढे पाठवण्याची ही रीत इतर देणग्यांनाही उसनी घ्यावी अशी आहे.

आयकरातल्या '८०जी' सवलतीचं आमिषही दाखवलं जातं. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. २,००० रुपयांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ही वजावट मिळतच नाही. आणि जुन्या प्रणालीतल्यांनाही नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र यावं लागतं.

ऑपरेशनसाठी मदत मागणाऱ्याला नाही म्हणणं सगळ्यात जड जातं. तिथे एकच प्रश्न विचारावा: रुग्ण कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वॉर्डात आहे? खरा नातेवाईक हे झोपेतही सांगेल. मग द्यायचे ते पैसे दवाखान्याच्या बिलात भरावेत. त्याहून उपयोगी आहे ती माहिती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रियांचा खर्च सरकार उचलतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे माहीत नसल्यामुळे खरोखरचे नातेवाईक दारोदार फिरतात. आपल्या पन्नास रुपयांपेक्षा सिव्हिल हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटण्याचा सल्ला त्यांना जास्त तारतो. ज्याला ही माहिती ऐकायचीच नसते, तो कोण आहे हे तिथेच कळतं.

आपण देऊन का बसतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. पावतीपुस्तक आपल्यापुढे उघडलं जातं ते मुद्दाम भरलेल्या पानावर. वर शेजारच्यांची नावं, पुढे ५०१, १,००१. ती नावं खरी असतीलच असं नाही, पण आपला हात आपोआप त्या आकड्याच्या आसपास जातो. दुसरी युक्ती आधी देण्याची: छातीला स्टिकर, मनगटाला दोरा, हातावर प्रसाद. काहीतरी घेतलं की परत देणं लागतो ही आपली चांगली सवय, तीच वापरली जाते. प्रसाद घ्यावा, नमस्कार करावा आणि थांबावं. तिसरी युक्ती घाईची: 'आज शेवटचा दिवस.' आज शेवटचा दिवस असेल तर उद्या विषयच संपला.

भिक्षा

वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले, परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या बाया. सीमेवरचं शहर असल्यामुळे यल्लम्माचे जोगती-जोगतिणीही आपल्याकडे येतात. इथे पावती नाही, नोंदणी नाही आणि ती मागूही नये. पसाभर जोंधळे, दहा रुपये किंवा 'पुढं जा बाबा' एवढाच व्यवहार. कायद्याच्या भाषेत पाहिलं तर १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा गाणं, नाच, भविष्य सांगणं अशा निमित्ताने भीक मागणं, इतकंच काय भिक्षेसाठी खाजगी आवारात शिरणंही आपल्या व्याख्येत धरतो. वासुदेवाला हा कायदा दाखवणारा माणूस मला तरी शेजारी नको.

लक्ष्मणरेषा एकच. 'घरात दोष आहे, करणी आहे, एवढे द्या म्हणजे उतरवतो' असं म्हणत आकडा वाढायला लागला की ती भिक्षा राहत नाही. चमत्काराच्या नावाने फसवून, घाबरवून पैसे घेणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सोलापूरकरांनी तरी विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आणि बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी आधीच गाव पेटवून ठेवलं होतं. नगराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो 'संशयित, सावध राहा' म्हणून टाकणं हे याच वाटेवरचं पाऊल आहे. शंका असेल तर ११२ ला फोन करावा, फोटो फिरवू नये. ग्रुपवर टाकायचंच असेल तर 'पाणी तपासायच्या बहाण्याने फिल्टर विकतात' अशी युक्ती टाकावी, तोंड नाही.

विकणारे

पाण्याचं प्रात्यक्षिक तर सोलापुरात हमखास चालतं. उजनी, टाकळी, हिप्परगा असं तिकडचं-इकडचं पाणी, तेही काही दिवसांआड, त्यात बोअरचं जड पाणी. पाण्याबद्दल आपल्या मनात आधीच धाकधूक. मग फिल्टर विकणारा मुलगा दोन ग्लास मागतो. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन-दोन सळ्या असलेलं एक यंत्र दोन्हीत बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात आपलं पाणी तांबूस, गढूळ होतं, वर फेस येतो. त्याचं मात्र जसंच्या तसं. 'बघा काकू, हे तुम्ही पिता.'

ती घाण पाण्यातली नसते, सळीतली असते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी सळीतलं लोखंड सुटून पाण्यात येतं आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. त्याच्या बाटलीतल्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात, त्यामुळे वीज जवळपास वाहतच नाही आणि काही घडत नाही. खात्री करायची असेल तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा. ते पाणीही तांबडं होईल. बहुधा तो यंत्र लावणारच नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. आजार होतात ते मुख्यतः जंतूंमुळे, आणि जंतू त्या यंत्रात दिसत नाहीत. फिल्टर घेऊ नका असं म्हणणं नाही. बोअरचं पाणी पीत असाल तर तो लागेलही. पण तो दुकानात जाऊन, चार ठिकाणी भाव विचारून घ्यावा.

दागिने उजळून देणाऱ्यांचा प्रकार याहून वाईट. आधी पितळेची समई फुकट घासून देतात, मग चांदीचे पैंजण. विश्वास बसला की बांगड्या मागतात. त्या एका द्रावणात बुडवतात आणि खरंच चकाकतात. ते द्रावण नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण असतं. सोनं विरघळवणाऱ्या मोजक्या द्रावणांपैकी हे एक. बांगड्यांचा वरचा थर त्यात उतरतो आणि तो माणूस द्रावण सोबत घेऊन जातो. घरी जाऊन सोनं परत काढतो. काही जण त्याहून पुढे जातात. दागिने हळदीच्या पाण्यात डब्यात घालून 'वीस मिनिटं उघडू नका' म्हणतात, आणि डबा उघडेपर्यंत दागिने आणि ती माणसं, दोन्ही गेलेली असतात. यावर तपासणीचा उपायच नाही. सोनं दाराबाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचं नाही, संपलं.

गॅसची नळी, शेगडी 'कंपनीकडून तपासायला आलोय' म्हणणाऱ्याला दाराबाहेर थांबवून गॅसच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरवर फोन करावा. नंबर तो देईल तो नव्हे, पुस्तकावरचा. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांनी तर ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ याशिवाय घरी येऊच नये, असं २०२१च्या थेट विक्री नियमांत स्पष्ट आहे. बिलाची, बदलून घेण्याची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

अलीकडे पैशांऐवजी मोबाइल नंबर मागतात: 'सदस्य नोंदणी आहे, एक ओटीपी येईल तेवढा सांगा.' ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ओळखीच्या कार्यकर्त्यालाही नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर पडद्यावर मंडळाचं नाव येतंय की कुणा व्यक्तीचं, ते पाहूनच पिन टाकावा. आणि 'तुमच्या खात्यात पैसे जमा करायला पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबावं. पैसे यायला पिन लागतच नाही.

हे सगळं दुपारी बारा ते चारच्या दरम्यान जास्त घडतं, घरात म्हातारी माणसं किंवा एकटी बाई असते तेव्हा. पूर्व भागात विड्या वळत बसलेल्या बायकांची दारं उघडीच असतात. जाळीचं दार लावून बोलावं आणि घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य पाठ करून ठेवावं: 'आमच्यात विचारून सांगतो, कागद ठेवून जा.' आई-वडिलांना 'कुणाला काही देऊ नका' असं बजावू नये. आयुष्यभर दारचा रिकाम्या हाती परत न पाठवलेल्या माणसांना ते जमत नाही आणि मग दिलेलं ते लपवतात. त्यांच्या हातात महिन्याला ठरावीक सुटे ठेवावेत. तेवढ्यात त्यांनी कुणाला काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं.

पैसे ऑनलाइन गेले आणि फसवणूक लक्षात आली तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. बोगस वर्गणीची तक्रार धर्मादाय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे करता येते. तिथे पहिल्यांदा विचारतात ती पावती. म्हणून पैसे दिले असोत वा नसोत, पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवावा.